अकराव्या घरातली मारिया

आमच्या वाडीत सतरा घरं आहेत आणि त्या सतरा घरांतून एक मारिया फिरते. दीड हात उंच, प्लास्टरची मूर्ती, निळ्या झग्याची. दर शनिवारी दिवस कलला की ती एका घरातून निघते आणि पुढच्या घरी जाते. पुढे मेणबत्त्या, मध्ये जपमाळ म्हणणाऱ्या बायका, मागे कुत्री. त्या घरी तिचा आठवडाभर मुक्काम. सतरावं घर झालं की पुन्हा पहिलं. या फेरीचे नियम कुठे लिहिलेले नाहीत. ते देन्सिंगला पाठ होते. मारियेला जमिनीवर टेकवायचं नाही. कुणाचं घर टाळून पुढे जायचं नाही, मागे तर नाहीच. आणि ती ज्या घरी असेल ते घर रिकामं सोडायचं नाही; एक तरी माणूस आणि एक तरी दिवा आत हवाच.

देन्सिंगचं खरं नाव गौदेन्सिया. ती अकराव्या घरात एकटी राहायची. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "ज्याने विचारलं तो पिऊन आला होता, आणि जो शुद्धीवर होता त्याने विचारलंच नाही." खाडीतल्या निपा ताडाच्या पानांच्या झापा छपरासाठी विणून ती पोट भरायची. पान दुमडायचं, बांबूच्या कामटीवर टाकायचं, वेताच्या सालीने शिवायचं. तिच्याकडे बघितलं तर हात चाललेत की नाही तेही कळायचं नाही, फक्त शेजारचा ढीग वाढलेला दिसायचा. वाडीत कुणी वारलं की नऊ दिवसांची प्रार्थना तीच सांगायची, आणि फेरीतली जपमाळही. आवाज काही गोड नव्हता. चुलीवरचं भांडं ओढल्यासारखा होता. पण तो कधी अडखळायचा नाही, आणि दुःखाच्या घरी न अडखळणारा आवाज लागतो, असं मला वाटतं. चुकत असेन.

बारावं घर माझं. आमच्या दोन घरांच्या मध्ये फक्त बांबूचं कुंपण. मी तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, म्हणून ती मला थोरल्या भावाला म्हणतात तसं 'नोय' म्हणायची. बाकी सगळी वाडी तिला 'नांग' म्हणायची, थोरली बहीण. एकतीस वर्षं तिच्या हातातून मारिया आमच्याकडे येत होती. देताना देणाऱ्याने 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि घेणाऱ्याने उरलेला, असं तीन वेळा. आमच्या घरी ते माझी बायको नीला करायची. मी मेणबत्ती धरायचो. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी मला कधी भरीस पाडलं नाही.

मग तो मार्च महिना आला आणि सगळं बंद झालं. साठीच्या पुढच्यांनी उंबरा ओलांडायचा नाही असा हुकूम निघाला. फादरनी निरोप पाठवला, फेरी थांबवा, मारिया आहे तिथेच राहू दे. ती तेव्हा देन्सिंगकडे होती.

एक आठवड्याचा पाहुणा सोळा महिने राहिला. त्या सोळा महिन्यांत आजूबाजूच्या वाड्यांत माणसं आजारी पडली, काही गेली. आमच्या सतरा घरांत साधा खोकलासुद्धा नाही. नीलाला दमा, पण तोही त्या वर्षी गप्प बसला होता. आधी कुणी काही बोललं नाही. मग बोलायला लागले. म्हणायचे, मारिया एका जागी पाय रोवून उभी आहे, म्हणून रोग आपल्यात येत नाही. लोक देन्सिंगच्या खिडकीशी यायला लागले. खिडकीतून हात घालून रुमाल मारियेच्या झग्याला लावायचा आणि तो आपल्या छातीवरून, गुडघ्यावरून फिरवायचा, ही आमची जुनी रीत. कुणी दोन अंडी ठेवून जायचं, कुणी फुलं. मीही नीलाचा रुमाल दोनदा लावून आणला. तेव्हा मला त्यात काही चूक वाटली नाही, आणि आजही नक्की काय वाटतं ते सांगता येत नाही.

देन्सिंग कुणाला नाही म्हणायची नाही. फक्त प्रत्येक माणूस गेला की सॅनिटायझरचा बोळा घेऊन मारियेला पुसून काढायची. रोज दहा-दहा वेळा. वर्षभरात मारियेच्या पावलांचा रंग उडाला आणि झग्याची कड पांढरी पडली. एकदा कुंपणावरून मी ते बघत होतो तर म्हणाली, "नोय, माणसांना हात धुवा म्हणतात. आता हिच्या हातापायाची सालं निघायची वेळ आली. मी भक्ती करतेय की भांडी घासतेय, काही समजत नाही."

मी म्हटलं, "दोन्ही असेल."

"दोन्ही एका वेळी होतं का?"

मी हसलो, तीही हसली.

दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये देन्सिंगला ताप आला.

पहिले दोन दिवस तिने सांगितलं नाही. गवती चहा, मीठ आणि आलं घालून वाफ घेतली. डोक्यावर चादर घेऊन ती पातेल्यावर वाकलेली मला खिडकीतून दिसली. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, आरोग्यसेविका जोनालिन आली. डोळ्यांपुढे प्लास्टिकचा पडदा, त्याखाली दोन मास्क. तपासणी झाली आणि बुधवारी सकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळलं.

मग वाडीचं डोकं फिरलं. सोळा महिने जी गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती ती एका सकाळीत उलटी झाली. मारिया राखत होती, तर मग तिच्याच घरात रोग आधी कसा आला? सोळाव्या घरचा तुरिबियो म्हणाला, फिरणाऱ्या बाईला तुम्ही बसवून ठेवलंत, ती रुसली. कुणी म्हणालं, रुमालांनीच आणला. सगळ्या गावाचे रुमाल त्या एका झग्याला लागले. तिसरं कुणी म्हणालं, देन्सिंगने सगळ्यांच्या वाटचं अंगावर घेतलं. ज्याने रुमाल म्हटलं त्यानेच संध्याकाळी अंगावर घेतल्याचंही म्हटलं. माझंही तसंच. जो बोलेल त्याचं मला पटायचं.

बुधवारी जोनालिनने देन्सिंगच्या बोटाला प्राणवायू मोजायचं ते छोटं यंत्र लावलं. एकोणनव्वद आलं. दवाखान्याची गाडी वाडीच्या तोंडाशी येऊन थांबली. देन्सिंगने दारात बसूनच सांगितलं, मी येत नाही.

जोनालिनला वाटलं ती दवाखान्याला घाबरते. पण तसं नव्हतं. देन्सिंगने तिला शांतपणे समजावलं, मारिया माझ्याकडे आहे. मी गेले तर घर रिकामं. पुढच्या घरी तिला सोपवते, मग न्या मला कुठे न्यायचं ते. जोनालिन म्हणाली, पुढचं घर कुठलं? देन्सिंगने कुंपणाकडे बघितलं.

मी तिथेच उभा होतो.

खरं सांगायचं तर तेव्हा मारिया माझ्या मनात नव्हतीच. मला नीलाची छाती दिसत होती, जिच्यापायी तिला रात्री उशी उभी करून बसावं लागतं ती. ज्या मूर्तीला देन्सिंगने पंधरा मिनिटांपूर्वी खोकत खोकत पुसलं होतं, ती मी आमच्या घरात कशी आणायची? आणि नाही तरी कसं म्हणायचं? मी म्हणालो, "उद्या घेतो."

"उद्या नक्की ना, नोय?"

"उद्या."

गाडी रिकामी गेली.

नीलाला मी काही सांगितलं नाही. गुरुवारी मी कुंपणाच्या बाजूला गेलोच नाही. पुढच्या अंगणात जाळं घेऊन बसलो आणि धड असलेल्या गाठी सोडून पुन्हा बांधत राहिलो. तिचा खोकला ऐकू येत होता. दुपारी जोनालिनने फादरना फोन लावून तो दारातून आत धरला. फादर स्वतः आजारी, एका खोलीत कोंडलेले. ते म्हणाले, गौदेन्सिया, ते प्लास्टर आहे, देव समजून घेईल, तू जा. देन्सिंग म्हणाली, "फादर, प्लास्टर आहे हे मला ठाऊक आहे. रोज मीच पुसते. पण मग तुम्ही येऊन घेऊन जा ना." फादर म्हणाले, मला येता येत नाही. हे सगळं माझ्या अंगणात ऐकू आलं. त्या दिवशी यंत्रावर सत्त्याऐंशी होते. गाडी पुन्हा रिकामी गेली.

शुक्रवारी सकाळी नीलाने भातावर शेवग्याचा पाला आणि सुकी मासळी वाढली आणि माझ्यासमोर बसली.

"कार्प्यो, जोनालिन फाटकाशी आली होती. ब्याऐंशी म्हणते."

मी खात राहिलो.

"आणि म्हणते, तू उद्या म्हणाला होतास. परवा."

"तुझी छाती," मी म्हणालो.

"माझी छाती मला विचारून घाबरते. तू तिला मध्ये कशाला घातलंस?" ती रागावली नव्हती. तिचा आवाज उलट बारीक झाला होता. "मलाही भीती वाटते. घरात नको म्हण. पण नुसतं उद्या काय म्हणतोस?"

मग तिनेच वाट काढली. मारिया घरात घ्यायची नाही. पुढच्या ओसरीवर, टेबलावर ठेवायची. दिवाही तिथेच. साबणाच्या पाण्याने धुवायची. नीला आत, दार लावून. ओसरीवर मी.

मी कुंपणाशी जाऊन हे सांगितलं. देन्सिंग दारातल्या बाकावर भिंतीला टेकून बसली होती. ओठांचा रंग बरा नव्हता. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ओसरी म्हणजे घर नव्हे, नोय."

"छप्पर आहे तिला. तुझ्याच हातचं आहे."

"छप्पर मासळीबाजारालाही असतं."

"मी तिथे झोपेन. माणूस आहे, दिवा आहे. आणखी काय लागतं?"

"उंबरा लागतो." एवढं बोलून ती धापा टाकायला लागली.

जोनालिन दोघांच्या मध्ये उभी होती. तिचा प्लास्टिकचा पडदा आतून धुरकट झाला होता. ती मला 'लोलो' म्हणजे आजोबा म्हणते, कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. म्हणाली, "लोलो, हिच्या अंगातली हवा संपत चाललीय आणि तुम्ही दोघं ओसरी घरात धरायची की बाहेर, यावर बोलताय. मला कळत नाही मी हसू की रडू. गाडी दहा मिनिटं थांबेल. उद्याची नाही, आजची दहा मिनिटं."

देन्सिंगने डोळे मिटले. मला वाटलं आता ही नाहीच म्हणणार. मग म्हणाली, "माझ्या आजीच्या वेळी वादळात चर्चचं छप्पर उडालं, तेव्हा मारिया होडीत होती तीन दिवस. होडीला कुठला उंबरा." आणि थांबून, "बघ, मला हे बुधवारीच आठवायला हवं होतं."

मी कुंपणाचा बांबू उचलून तिच्या अंगणात गेलो. दोन मास्क लावले होते, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. ती मारियेला मांडीवर घेऊन बसली होती. उठता येत नव्हतं. मी गुडघ्यावर बसलो. प्रार्थना देणाऱ्याने सुरू करायची. तिने 'नमो मारिया' म्हटलं आणि पुढचा श्वासच मिळेना. तिने माझ्याकडे बघितलं. तू म्हण, असं.

एकाहत्तर वर्षांत मी ते एकट्याने मोठ्याने म्हटलं नव्हतं. गर्दीत ओठ हलवत आलो होतो. मी तिचा अर्धा भाग म्हटला, मग माझा. पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता. तिथे मी थांबलो. पुढे मरणाची वेळ येते. ती समोर तशी बसलेली असताना ते शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी तसाच दुसरी सुरू करायला गेलो.

देन्सिंगने बोट उचललं. तिच्याजवळ जेवढा श्वास होता तो तिने यासाठी खर्च केला.

"नोय. पुढचं राहिलं."

"असू दे."

"अर्धी घेणार का तिला?"

मी म्हटलं. आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. तिन्ही वेळा म्हटलं. तिसऱ्या वेळी कुठे होतो ते विसरलो आणि चौथ्यांदाही म्हटलं. तिने मारिया माझ्या हातांत दिली आणि जोनालिनच्या खांद्याला धरून उभी राहिली. गाडीचं दार लागलं तेव्हा माझे दोन्ही हात अडकलेले होते, त्यामुळे मी हातही हलवला नाही.

मारियेला आत नेईपर्यंत मी एकोणीस दिवस ओसरीवर राहिलो. नीला खिडकीच्या आतून जपमाळ म्हणायची, मी बाहेरून उत्तर द्यायचो. वाडीतलं कुणी जवळ आलं नाही. काही जण रस्त्यावरून क्रूसाची खूण करून भरभर जायचे. ती मारियेसाठी की माझ्यापासून बचावासाठी, कळायचं नाही. तेराव्या आणि पंधराव्या घरात ताप आला, दोघंही बरी झाली. आमच्या घरी आला नाही. तुरिबियो म्हणाला, बघ, ती हलली म्हणून तू वाचलास. त्याच तोंडाने तो म्हणाला, ओसरीवर ठेवलंस म्हणून तेराव्या घरात ताप गेला. मी दोन्हीला मान डोलावली.

देन्सिंग परत आली. अर्धी होऊन आली, पण आली. घरी येताना काठी होती, केस कापलेले होते. वाडीने तांदूळ दिले, शेवग्याचा पाला दिला, आणि पुढच्या महिन्यात फादरनी चार-चार माणसांची फेरी पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. सगळे देन्सिंगकडे बघू लागले. ती म्हणाली, मला जपमाळ सांगता येणार नाही. दवाखान्यात नळी लावलेली असताना म्हणायला गेले तर शब्दच नव्हते. अजून नाहीत. सुरुवात होते आणि मग मध्येच रान लागतं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, येतील हळूहळू.

मी मनात धरून होतो की ती मला कधीतरी विचारेल. बुधवारी उद्या म्हणालास, गुरुवारी कुठे होतास? ती विचारत नव्हती. मला झोप लागेना, जेवण जाईना. नीला म्हणाली, छाती माझी आणि धाप तुला लागतेय, जाऊन सांगून ये.

एका सकाळी गेलो. ती दारात निपाची पानं घेऊन बसली होती. एक झाप अर्धी झाली होती. टाके वेडेवाकडे पडले होते. मी बाकाच्या टोकाला बसलो आणि सांगितलं. मला भीती वाटली. मी मुद्दाम इकडे आलो नाही. गुरुवारी तुझा खोकला ऐकत मी जाळ्याच्या धड गाठी सोडत बसलो होतो. दोन दिवस माझ्यामुळे गेले.

तिने नवं पान उचललं.

"गुरुवार मला आठवतच नाही, नोय. बुधवार आठवतो. मग एकदम तू गुडघ्यावर बसलेला आठवतोस, पिशव्या बांधून."

"पण होता गुरुवार."

"असेल." तिने पान दुमडलं, पुन्हा उलगडलं. "मी तरी काय. तुझ्या बायकोला दमा आहे हे मला ठाऊक नव्हतं का? तरी तुझ्याकडेच बघितलं. पुढचं घर म्हणून. दुसरं काही सुचलंच नाही." मग, "तुझ्यावर रागवायला हवं का मी?"

"तुला वाटेल तसं."

"तेच तर. मला काय वाटतं तेच हल्ली लवकर कळत नाही. मारियेबद्दलही नाही. तिने वाचवलं की जोनालिनने, की तुझ्या त्या चार वेळा म्हटलेल्याने." ती माझ्याकडे वळली. "तीनच म्हणायचे असतात. चौथा कुणासाठी होता?"

मी सांगितलं, मोजायला चुकलो.

"बरं," ती म्हणाली. आणि कामटीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "हे ताठ धर. माझा हात कापतो."

मी धरलं. ती शिवत राहिली, मध्येच थांबत, मध्येच चुकीचा टाका उसवत. शनिवारी मारिया तेराव्या घरी न्यायची होती आणि फेरीत जपमाळ सांगणारं कुणी नव्हतं. ते तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही. पण दुसरी झाप सुरू करताना तिने पुटपुटत पहिला अर्धा भाग म्हटला आणि रान लागलं तिथे थांबली. मी पुढचा म्हटला.